सावकाश जाणारी मोटार

जगात माणसांचे दोनच वर्ग आहेत. एक, वस्तू तयार विकत घेणाऱ्यांचा. आणि दुसरा, तीच वस्तू सुटी सुटी विकत घेऊन, महिनाभर घरात जमिनीवर मांडून, शेवटी जोडून झाल्यावर 'बाहेर घेतली असती तर दुप्पट पडली असती' असं सांगणाऱ्यांचा. पहिल्या वर्गाकडे नुसती वस्तू असते. दुसऱ्या वर्गाकडे वस्तू असते, तिची गोष्ट असते आणि शिवाय उरलेले चार स्क्रू असतात.

मी जन्मानेच दुसऱ्या वर्गातला. आमच्या वडिलांनी ट्रान्झिस्टर घरी जोडला होता. त्यावर विविधभारती लागत असे आणि विविधभारतीच्या पाठीमागे बारीक आवाजात आणखी एक स्टेशन लागत असे. ते कुठलं, हे घरात कुणालाच शेवटपर्यंत कळलं नाही. पण एका बटणात दोन स्टेशनं लागतात याचा वडिलांना अभिमान होता. असल्या घराण्यात जन्मलेल्या माणसाने बँकेतून निवृत्त झाल्यावर नुसतं वर्तमानपत्र वाचत बसावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

तेव्हा मी रिमोटवर चालणारी मोटार जोडायला घेतली. हे वाक्य मी ज्याला ज्याला सांगितलं, त्याने त्याने पुढचा प्रश्न एकच विचारला, ''नातवासाठी का?'' नातवासाठी नाही म्हटल्यावर समोरचा माणूस किंचित मागे सरकतो. मग तो दुसरा प्रश्न विचारतो, ''किती पळते?'' आणि इथे खरी पंचाईत होते. कारण ही मोटार पळतच नाही. ती चालते. तीसुद्धा, लग्नाच्या पंगतीत तुपाचं भांडं घेऊन यजमान चालतात ना, तशी. हिला रॉक क्रॉलर म्हणतात. म्हणजे खडकावर सरपटणारी. दगडधोंड्यांतून, एकेक चाक चाचपत टाकत, न उलटता पलीकडे जायचं, एवढंच तिचं जीवितकार्य.

''म्हणजे पैसे देऊन हळू जायचं?'' आमच्या खालच्या मजल्यावरचे निवृत्त मेजर म्हणाले. ''त्याला मोटार कशाला जोडायला हवी? संध्याकाळी सहा वाजता लक्ष्मी रोडला जा.''

पण हे वेड काही पुण्यातलं नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया प्रांतात सिएरा नेवाडा डोंगरातून रुबिकॉन नावाची एक वाट जाते. वाट म्हणायचं आपलं. आहेत ते सगळे धोंडेच. या धोंड्यांवरून जीपगाड्या घालण्याचा सामुदायिक सोहळा तिथले लोक १९५३ सालापासून करतात. आपल्याकडे अशा रस्त्याबद्दल महापालिकेला पत्र लिहितात. तिकडे वर्गणी भरून त्यावरून जातात. या मोठ्या गाड्यांचंच धाकटं रूप म्हणजे ही एकास दहा मापाची मोटार. १९८७ साली टामिया या जपानी कंपनीने क्लॉड बस्टर नावाची मोठ्या चाकांची खेळण्यातली ट्रक काढली. तिच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही आसांवर एकेक मोटर होती. काही हौशी मंडळींनी तिची मोडतोड करून तिला दगडांवर चढायला लावलं, आणि तिथून हा संप्रदाय वाढला. त्याही मागे जायचं तर १८९८ साली न्यूयॉर्कला निकोला टेस्लाने भर प्रदर्शनात पाण्यातली छोटी होडी बिनतारी लहरींवर चालवून दाखवली होती. तेव्हा त्याला कुणी 'नातवासाठी का?' असं विचारलं नसावं. टेस्लाचं लग्नच झालेलं नव्हतं.

मी या भानगडीत कसा पडलो, ते सांगतो. त्याला कारण माझे गुडघे.

एकतीस वर्षं मी रोज पहाटे वेताळ टेकडी चढलो. आमचा सातजणांचा कंपू होता. कंपूचं काम म्हणजे वर जायचं, वाऱ्याला तोंड करून दीर्घ श्वास घ्यायचा, सरकारला नावं ठेवायची आणि खाली येऊन चहा प्यायचा. २०२२ साली गुडघ्यांनी संपाची नोटीस दिली. डॉक्टरांनी फोटो काढले, उजेडाला धरले आणि ते म्हणाले, ''झीज आहे. चालायला हरकत नाही, उलट चालायलाच हवं. पण चढ नको, आणि सावकाश. दहा पावलं टाका, थांबा. पुन्हा दहा टाका.''

डॉक्टरांना हे सांगणं सोपं होतं. ज्या रस्त्यावर आपण एकतीस वर्षं लोकांना मागे टाकलं, त्याच रस्त्यावर दहा पावलं टाकून थांबायचं म्हणजे काय, हे औषधाच्या चिठ्ठीत लिहिलेलं नसतं. थांबलं की लोक विचारतात, ''काय हो, बरं वाटत नाही का?'' दुसऱ्यांदा थांबलं की पाणी आणून देतात. तिसऱ्यांदा रिक्षा बोलावतात. आठ दिवसांत मी चालणंच बंद केलं. कंपू टेकडीवर जाई, मी गच्चीत खुर्ची टाकून टेकडीकडे पाही. टेकडी पूर्वीपेक्षा उंच दिसू लागली होती. घरात मी कमी बोलायला लागलो, असं सौ.चं म्हणणं. आधी तिने त्याचं स्वागत केलं, पण पंधरा दिवसांनी तिला काळजी वाटू लागली.

२०२३ च्या दिवाळीत बंगलोरहून चिरंजीव आले. त्यांनी मला त्यांच्या मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. एक बुटकी मोटार एका धोंड्याशी येऊन थांबली. विचार केल्यासारखी थांबली. मग पुढचं डावं चाक धोंड्यावर ठेवलं, पुन्हा थांबली. मग उजवं ठेवलं. दहा पावलं, आणि थांबणं! आणि गंमत अशी की भोवतीचे लोक तिला पाणी आणून देत नव्हते. श्वास रोखून पाहत होते. मी म्हटलं, ''ही मोटार कुठे मिळते?''

तयार मोटारीची किंमत ऐकून मी दोन मिनिटं मौन पाळलं. पण सुटे भाग घेऊन जोडायची किट त्यापेक्षा पुष्कळ स्वस्त होती. अंदाजपत्रक ठरलं रुपये दहा हजार. किट आली आठ हजार नऊशेला. खोक्यावर सुंदर रंगीत चित्र होतं. आणि त्या चित्राखाली, मुंगीने लिहावं एवढ्या अक्षरांत, एक यादी होती: रिमोट, मोटर, वेगनियंत्रक, सर्व्हो, बॅटरी, चार्जर आणि रंग यांचा यात समावेश नाही.

तुम्हीच विचार करा. यजमानांनी पानं मांडली, रांगोळी काढली, मीठ-लिंबू वाढलं आणि मग सांगितलं की भात, वरण, भाजी आपापली घरून आणावी! आमच्या सौ.ने घरखर्चाची वही उघडली. ही वही १९८६ पासूनची आहे आणि तिच्यापुढे माझ्या बँकेचे ऑडिटर लाजले असते. त्यात तिने लिहिलं: रिमोट ३,२००, सर्व्हो १,४५०, वेगनियंत्रक १,६००, मोटर ९५०, बॅटरी १,९००, चार्जर १,४००, रंग ६५०. आणि या सगळ्याला एक महिरपी कंस घालून त्यापुढे शांतपणे खातं लिहिलं: 'उधळपट्टी'.

मी म्हटलं, ''अगं, हे तंत्रज्ञान आहे.''

''खोक्यावर खेळणं लिहिलंय,'' ती म्हणाली.

या बाबतीत तिचं आणि सरकारचं एकमत आहे. खेळण्यांवरची आयात जकात २०२० साली वीस टक्क्यांवरून साठ टक्के झाली आणि २०२३ साली सत्तर. म्हणजे आपल्या देशात म्हाताऱ्याने खेळायचं ठरवलं तर त्याला आधी सरकारशी खेळावं लागतं.

जोडणीला बैठकीची खोली मिळाली नाही. गॅलरीतला कोपरा मिळाला, तोही कपडे वाळत नसतील तेव्हा. किटमध्ये ए पासून एच पर्यंत पिशव्या होत्या आणि एक माहितीपुस्तक होतं. त्या पुस्तकात शब्द नव्हते, नुसती चित्रं. मला हे फार आवडलं. आपल्याकडच्या सरकारी अर्जांत शब्दच शब्द असतात आणि तरी काही कळत नाही. इथे एक शब्द नव्हता आणि सगळं कळत होतं.

आधी सांगाडा. लोखंडी शिडीसारख्या दोन पट्ट्या. मग आस. आता इथे एक मौज आहे. आपल्या रस्त्यावरच्या मोटारीत दोन चाकांच्या मधोमध डिफरन्शियल असतं. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, म्हणून ते दोघांना वेगवेगळं फिरू देतं. सपाट रस्त्यावर हे ठीक. पण खडकावर एक चाक हवेत लटकलं की सगळी ताकद त्या लटकलेल्या चाकाकडे जाते. ते गरगरा फिरतं आणि जमिनीवर टेकलेलं चाक ढिम्म राहतं. एकत्र कुटुंबातही हेच होतं. जो जमिनीला पाय लावत नाही, सगळा पैसा त्याच्याकडे जातो. क्रॉलरमध्ये त्यावर एकच उपाय करतात: दोन्ही चाकं एकमेकांना जखडून टाकायची. एक फिरलं की दुसऱ्याने फिरायचंच. वळताना थोडी कुरकुर होते, पण चढावर कुणी कुणाला सोडत नाही. हे मी सौ.ला समजावून सांगितलं. ती म्हणाली, ''यात नवीन काय? आपलं लग्न झालं तेव्हापासून हेच चाललंय.''

मग शॉक ॲबसॉर्बर. ते बोटाएवढे असतात आणि त्यांत सिलिकॉनचं तेल भरायचं असतं. तेल भरून दांडा हळूहळू वरखाली करायचा, बुडबुडे वर येईपर्यंत थांबायचं, मग झाकण लावायचं. घाई केली की हवा आत राहते आणि शॉक कुईकुई करतो. चार शॉकना मला एक अख्खी दुपार लागली. कित्येक महिन्यांत एवढ्या शांतपणे मी कशाचीही वाट पाहिली नव्हती.

पिशवी एफमध्ये चार स्क्रू कमी निघाले. विकणाऱ्यांना पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'प्रिय मित्रा, काळजी करू नये.' मी काळजी केली नाही, पण स्क्रूही आले नाहीत. शेवटी बोहरी आळीत गेलो. दुकानदार वर न बघता म्हणाले, ''काय पाहिजे?''

''तीन मिलिमीटरचे, दहा लांबीचे, ॲलन कीचे स्क्रू. चार.''

''चार काय? पाकिटं?''

''नग.''

आता त्यांनी वर पाहिलं. ''चार नग देत नाही. शंभर घ्या.''

''मला चारच लागतात.''

''तुम्हाला चार लागतात. मला शंभर विकायला लागतात,'' असं म्हणून त्यांनी पाकीट पुढे केलं. उरलेले शहाण्णव स्क्रू आजही घरात आहेत. नातवाचं लग्न होईपर्यंत पुरतील.

स्क्रू लोखंडात लोखंड असा बसत असेल तर त्याला निळ्या औषधाचा एक थेंब लावतात, म्हणजे तो हादऱ्याने सुटत नाही. प्लॅस्टिकमध्ये बसणाऱ्याला लावायचं नाही, प्लॅस्टिक तडकतं. मोटरचं लहान चक्र आणि गिअरचं मोठं चक्र यांच्यात किती फट ठेवायची, याची युक्ती तर अफलातून आहे. दोघांच्या दातांत वर्तमानपत्राच्या कागदाची पट्टी घालायची, मोटर दाबून स्क्रू आवळायचे आणि पट्टी काढून घ्यायची. राहिली ती बरोबर फट. निवृत्तीनंतर वर्तमानपत्राचा एवढा थेट उपयोग मला प्रथमच झाला.

मोटर ५५ टर्नची. म्हणजे आत तारेचे पंचावन्न फेरे. फेरे जितके कमी तितकी मोटर वेगवान. जितके जास्त तितकी संथ, पण नियंत्रणाला उत्तम. माणूस सप्तपदीच्या सात पावलांतच संथ होतो, मोटरला पंचावन्न फेरे लागतात. त्यातून पुढे गिअर असे की मोटर तीस-चाळीस वेळा फिरते तेव्हा चाक एकदा फिरतं. आणि वेगनियंत्रकात अशी सोय की बोट काढलं की मोटार चढावर जिथल्या तिथे थांबते, मागे घरंगळत नाही. हा गुण मला माझ्या गुडघ्यांत फार हवा होता.

बॅटरी लिथियमची. तिचं पथ्यपाणी बाळंतिणीसारखं. एका घराला ४.२ व्होल्टच्या वर भरायची नाही, तीनच्या खाली उतरू द्यायची नाही, आणि वापर नसेल तेव्हा ३.८ वर ठेवायची. म्हणजे उपाशीही नाही आणि तुडुंबही नाही. आयुर्वेदात मिताहार म्हणतात तो हाच. चार्ज करताना नजरेआड करायचं नाही. म्हणून आमच्याकडे ती गॅलरीत एका रिकाम्या मातीच्या कुंडीत बसून चार्ज होते आणि समोर स्टुलावर मी बसतो. कामवाल्या बाईंना पहिले काही दिवस वाटत होतं की मी काहीतरी अनुष्ठान करतोय.

वरचं शरीर पारदर्शक प्लॅस्टिकचं. ते आतून रंगवायचं असतं, म्हणजे दगडावर घासलं तरी रंग जात नाही, बाहेरची झिलई तशीच राहते. शिवाय उलट्या क्रमाने रंगवायचं: बारीक काळ्या रेघा आधी, मोठा रंग नंतर. सौ. रांगोळी काढणारी असल्यामुळे हळूच येऊन म्हणाली, ''द्या इकडे, तुमचा हात थरथरतोय.'' रंग तिने निवडला. आंबा कलर. माझा विचार लष्करी हिरव्याचा होता, पण ब्रश तिच्या हातात होता.

शेवटची गोष्ट वजनाची. मोटार चढताना पुढून उचलली जाऊ नये म्हणून पुढच्या चाकांत वजन घालतात. त्यासाठी पितळेचे महागडे भाग मिळतात. आणि स्वस्तात, टायरच्या दुकानात चाकं बॅलन्स करायला वापरतात ते शिशाचे चिकटपट्टीचे तुकडे मिळतात. कोपऱ्यावरच्या टायरवाल्याने विचारलं, ''कुठली गाडी आहे, साहेब?'' मी पिशवीतून काढून दाखवली. त्याने हातातला पान्हा खाली ठेवला, मोटार उलटी केली, आस पाहिला, स्प्रिंगा दाबून पाहिल्या आणि गंभीरपणे म्हणाला, ''अलाइनमेंट करून घ्या.'' एवढ्या दिवसांत माझ्या मोटारीला मोटार म्हणणारा हा पहिला माणूस.

जानेवारीतल्या एका सकाळी आम्ही टेकडीच्या पायथ्याशी गेलो. पुण्याच्या टेकड्यांचा खडक म्हणजे काळा बेसाल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. तो असल्या खेळासाठी देवाने मुद्दाम करून ठेवलाय. खरखरीत, पायऱ्यापायऱ्यांचा, टायरला चिकटणारा. मोटार खाली ठेवली. ती एका दगडाशी गेली, थांबली. मी थांबलो. तिने एक चाक वर ठेवलं. मी एक पाऊल टाकलं.

पाच मिनिटांनी तिथे सहा मुलं, दोन कुत्री आणि एक दूधवाला जमला. कंपूतले सहाही जण वरून उतरता उतरता थांबले. एकाने विचारलंच, ''किती पळते?'' मी उत्तर देण्याआधी दूधवाला म्हणाला, ''ओ काका, पळायची नाय ही. चढायची हाय.''

सौ. पुढे जाऊन एका धोंड्यावर उभी राहिली होती. ती ओरडून सांगू लागली, ''डावीकडे घ्या! अहो, तुमच्या डावीकडे नाही, गाडीच्या डावीकडे!'' मोटार आपल्याकडे तोंड करून येत असली की डावं-उजवं उलटतं. जीपवाल्यांच्या जगात अशा पुढे उभं राहून वाट सांगणाऱ्या माणसाला फार मान असतो. आमच्या घरी हे पद गेली अडतीस वर्षं भरलेलंच होतं. फक्त मोटार नव्हती.

त्या दिवशी आम्ही सव्वा तास चाललो. दहा पावलं, थांबणं. पुन्हा दहा पावलं, थांबणं. डॉक्टरांनी सांगितलं होतं अगदी तस्सं. एकदाही कुणी मला 'बरं वाटत नाही का' असं विचारलं नाही. सगळे मोटारीकडे बघत होते. तिला थांबायला काही वाटत नव्हतं, त्यामुळे मलाही वाटलं नाही.

आता आठवड्यातून चार दिवस हा कार्यक्रम असतो. आम्ही टेकडी चढत नाही, पायथ्यापायथ्याने फिरतो. कंपूने उतरण्याची वेळ आमच्याशी जुळवून घेतली आहे, म्हणजे चहा एकत्र होतो आणि सरकारला नावंही एकत्र ठेवता येतात. मेजरसाहेब मधूनच येतात, पाठीमागे हात बांधून पाहतात आणि 'सामरिकदृष्ट्या चुकीची वाट' वगैरे शेरे मारतात. परवा त्यांनी किटची किंमत विचारली. मी फक्त खोक्याची सांगितली.

खरा आकडा वहीत आहे. स्क्रू आणि शिसं धरून वीस हजार तीनशे पन्नास. मार्चअखेरीला सौ. वर्षाचा हिशेब जुळवते, तेव्हा मी सहज डोकावलो. महिरपी कंस तसाच होता. पण त्यापुढचं 'उधळपट्टी' तिने पट्टीने सरळ रेघ मारून खोडलं होतं आणि तिच्या त्या सुवाच्य अक्षरात वर लिहिलं होतं: 'औषधपाणी'.